वॉर्डात नवीन असताना मन कसं सांभाळायचं
ड्युटी संपली तरी पेशंट डोक्यातून जात नाहीत, हे काम मला झेपेल का, असं तू विचारलंस. झेपेल. सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं. आत्ता फक्त तीन गोष्टी धर.

१. झोप. नाइटनंतर मोबाइल बाजूला ठेव, खोलीत अंधार कर. शिफ्टच्या शेवटच्या तासांत कॉफी नको. कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात.

२. हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला द्यायची पेशंटची माहिती, लिहून दे. मग 'ते सांगायचं राहिलं का?' हा किडा घरी वळवळत नाही.

३. बोल. हे सगळ्यात महत्त्वाचं. पेशंट दगावला किंवा हातून चूक झाली, तर त्याच दिवशी विश्वासातल्या सीनियरजवळ मन मोकळं कर. चुकीचा धक्का कर्मचाऱ्यालाही बसतो, डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली अशा डॉक्टरांना 'दुसरा बळी' म्हटलं होतं. रडू आलं म्हणजे तू कमकुवत आहेस असं अजिबात नाही.

नवीन मुलं प्रत्येक एक्स्ट्रा ड्युटीला हो म्हणतात, जेवण टाळतात. आणि गोळ्या हाताशी असतात म्हणून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेतात. हे मात्र कधीच करू नकोस.

दोन आठवडे उदास वाटत राहिलं, कशातच रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नकोस, लगेच कुणाला तरी सांग.