सकाळच्या पेल्यात संत्रं, मोसंबी आणि तोरिंजन: वाचकांचे प्रश्न

थंडीत घाटावरून संत्र्या-मोसंब्यांचे ट्रक चिपळूण, कणकवलीच्या बाजारात उतरू लागले की न्याहारीच्या स्मूदीबद्दलचे प्रश्न वाढतात. यावेळी निवडलेले प्रश्न नेहमीच्या अडचणींचे आहेत: पातळ होते, कडू होते, दूध फाटतं, रंग मळतो. उत्तरांत वाटी १५० मिलीची आणि चमचा चहाचा धरला आहे.

प्रश्न: संत्र्याच्या स्मूदीचं नेमकं प्रमाण सांगाल का? माझी एकतर सरबतासारखी पातळ होते, नाहीतर चमच्याने खावी लागते. (गुहागर)

पातळ होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. फळ पिळून त्याचा रस घातला जातो. स्मूदीत रस नको, फोडी हव्यात. फोडीतला चोथाच तिला दाटपणा देतो आणि पोटाला आधारही तोच देतो. एक पेला नुसता रस काढायला तीन-चार संत्री लागतात. स्मूदीत दोन संत्र्यांत दोघांचं भागतं.

दोन पेल्यांसाठी मध्यम आकाराची २ संत्री (सोलून, बिया काढून साधारण २०० ग्रॅम), १ मोठं पिकलेलं केळं किंवा २ वेलची केळी, १०० ग्रॅम घट्ट दही, ५० ते ६० मिली शहाळ्याचं पाणी, १ चमचा लिंबाचा रस, पाव चमचा किसलेलं आलं आणि चिमूटभर मीठ. केळ्याच्या सालीवर तपकिरी ठिपके आलेले असले तर साखरेची गरजच पडत नाही. मीठ विसरू नका, कारण तेवढ्याशा मिठाने संत्र्याचा उरलासुरला कडवटपणा जिभेला कमी जाणवतो.

आता क्रम, कारण घोटाळा इथेच होतो. आधी भांड्यात शहाळ्याचं पाणी आणि त्यावर संत्र्याच्या फोडी. मिक्सर थांबून थांबून चार-पाच वेळा फिरवा. मग केळं आणि आलं घालून मध्यम वेगावर अर्धा मिनिट. लिंबू आणि मीठ त्यानंतर. दही सगळ्यात शेवटी, आणि तेही पाच-दहा सेकंदच. दही सुरुवातीपासून फिरवलं तर त्याचं ताक होतं, वर फेस चढतो आणि पेला पातळ लागतो. उलट केळं आणि दही तळाशी घातलं तर पात्याभोवती पोकळी होते. पातं नुसतं घरघरतं आणि वरच्या फोडी जागच्या हलत नाहीत. अशा वेळी घाईने पाणी ओतू नका. मिक्सर बंद करून चमच्याने खालचं वर करा आणि शहाळ्याचं पाणी एकेक चमचा वाढवा.

प्रश्न: मोसंबीची स्मूदी केल्याकेल्या छान लागते, पण मुलं उठेपर्यंत कडूजहर होते. फळ खराब असतं का? (दापोली)

फळात दोष नाही. लिंबूवर्गीय फळांच्या बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यांत एक बेचव घटक असतो. फळ अख्खं असताना तो आपल्या जागी गप्प असतो. चिरताना, पिळताना किंवा मिक्सरमध्ये पेशी फुटल्या की तो आंबट रसात मिसळतो आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन कडू असतं. म्हणून पहिला घोट गोड आणि काही वेळाने तोच पेला कडू. मोसंबीत हे संत्र्यापेक्षा जास्त जाणवतं. रस गरम केला तर कडवटपणा आणखी लवकर येतो, तेव्हा मोसंबी कोमट करून देण्याचा विचारही नको.

उपाय सोलण्यातच आहे. संत्र्याची फोड हातात घ्या. तिच्या आतल्या, सरळ कडेला दोरीसारखी जाडसर पांढरी शीर दिसते. ती शीर कात्रीने कापा, फोड पुस्तकासारखी उघडा आणि अंगठ्याने बिया बाहेर ढकला. बाहेरचा पातळ पापुद्रा संत्र्याचा असेल तर राहू द्या. मोसंबीला मात्र ही सवलत नाही, तिचे पापुद्रे चिवट असतात. वरून-खालून एकेक चकती कापून मोसंबी पाटावर उभी ठेवा, सुरीने साल पांढऱ्या भागासकट उभी तासून काढा, आणि मग दोन पापुद्र्यांच्या मधला गर सुरीच्या टोकाने सोडवा. खाली ताटली ठेवा म्हणजे गळणारा रस वाया जात नाही. तीन मोसंब्यांना दहा मिनिटं लागतात आणि ती सत्कारणी लागतात.

एक बी जरी मिक्सरमध्ये चिरडली गेली तरी चव बिघडते. आणि मोसंबीची स्मूदी करून ठेवायची नाही, ज्याने त्याने उठल्यावर ताजी करून घ्यायची. लवकर करून ठेवणं भागच असेल तर संत्र्याची करा.

प्रश्न: दूध घातलं तर गुठळ्या का होतात? (अलिबाग)

दुधातलं केसिन हे प्रथिन पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास गोळा होतं. संत्र्याचा रस साधारण ३.५ ते ४ च्या घरात असतो, लिंबाचा तर २ ते २.५. म्हणजे दूध फाटणारच. ते आरोग्याला घातक नसतं, पण पेल्यात कण दिसतात आणि पिववत नाही. दही आधीच आंबट होऊन विरजलेलं असल्याने तसं फाटत नाही.

दही नको असेल तर कोकणात चांगले दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नारळाचा पहिला, जाड रस. दोन पेल्यांना अर्धी वाटी पुरे. सोलकढीत कोकमाचं आंबट आगळ आणि नारळाचा रस नांदतातच, तसंच हे. थोडा वेळ ठेवल्यावर थर वेगळे दिसले तर ढवळून घ्या. दुसरा पर्याय काजूगर. आठ-दहा काजू चार तास पाण्यात भिजवून आधी थोड्या शहाळ्याच्या पाण्यात अगदी गंधासारखे वाटा आणि मग फळं घाला. शहाळ्याची कोवळी मलई असेल तर दोन चमचे तीही घाला, दाटपणा फार सुरेख येतो.

अननस आणि दही एकत्र करणार असाल तर लगेच प्या. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन दह्यातली प्रथिनं तोडतं आणि काही वेळात कडवट चव येते.

प्रश्न: पालक घातला की रंग शेवाळासारखा होतो. पिवळाधमक, उजळ रंग कसा राहील? (वेंगुर्ले)

हिरवं आणि नारिंगी एकत्र आलं की मातकटच दिसणार, त्यातून आंबट रसात पालकाचं हरितद्रव्य बदलून खाकी होतं. पालक भाजीत खा. बीट घातलं तर गुलाबी होतं, पण संत्र्याचा रंग लपतो.

उजळ रंगासाठी पिकलेल्या पपईच्या चार-पाच फोडी किंवा अर्धं वाफवलेलं गाजर घाला. ओली हळद मिळत असेल तर नखाएवढा तुकडा किसून घाला, त्याहून जास्त घातली तर औषधासारखा वास येतो. केळं चिरल्यावर लगेच लिंबाचा रस चोळला तर ते काळं पडत नाही. आणि लिंबाच्या सालीचा फक्त वरचा रंगीत पापुद्रा पाव चमचा किसून शेवटी घातला तर पेला तोंडाजवळ नेतानाच वास येतो. आधी लिंबू कोमट पाण्यात चोळून धुवा, आणि पांढरा भाग लागू लागला की किसणी थांबवा.

पितळेच्या पेल्यात ओतणार असाल तर त्याला कल्हई हवी, नाहीतर कळकेल. काच किंवा स्टील बरं.

प्रश्न: गणपतीत माटवीला (मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधलेलं तोरिंजन विसर्जनानंतर तसंच पडून राहतं. त्याची स्मूदी होईल का? (मालवण)

होईल, आणि छान होईल. घाटावर त्याला पपनस म्हणतात. वरची साल आणि पांढरा कापूस जाड असतो, म्हणून टोकाची टोपी कापा, सालीला उभ्या सहा-आठ चिरा द्या आणि एकेक पाकळी ओढून काढा. मग प्रत्येक फोडीचा पापुद्रा पूर्ण सोला. यातलं काही ठेवायचं नाही, कारण पपनसाच्या पापुद्र्यात नारिंजिन असतं आणि ते चांगलंच कडू असतं. आतले दाणे मोकळे सुटतात. निम्मे मिक्सरमध्ये घाला, निम्मे पेल्यात वरून. एक वाटी दाण्यांना एक केळं आणि पाव वाटी नारळाचा रस बेताचा.

पण घरात कोणी कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन, अथवा रक्तदाबासाठी निफेडिपिन, फेलोडिपिनसारखी गोळी घेत असेल तर त्यांना तोरिंजन देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांतले काही घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि गोळीचा अंश रक्तात नको तेवढा वाढतो. सकाळी फळ, रात्री गोळी असं अंतर ठेवूनही हा परिणाम टळत नाही. नेहमीच्या संत्र्या-मोसंबीला ही अडचण नाही.

प्रश्न: माझं हिमोग्लोबिन कमी आहे. सकाळी ही स्मूदी घेतली तर फायदा होईल? (देवगड)

स्मूदीत लोह फारसं नाही, पण जेवणातलं लोह शोषून घ्यायला ती मदत करते. भाज्या, कडधान्यं, नाचणी यांतलं लोह शरीरात सहज जात नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सांगितलं आहे. १०० ग्रॅम संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका पेल्यात बरंच काम होतं.

तुमच्यासाठी दोन बदल. दही काढा, कारण त्यातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. त्याऐवजी पपई किंवा बिया काढलेला पेरू घाला, पेरूत तर संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. आणि पेला रिकाम्या पोटी वेगळा न घेता चवळीच्या उसळीबरोबर किंवा नाचणीच्या घावण्याबरोबर घ्या. चहा तासाभराने. हा एक बदल कोकणातल्या घरांत सगळ्यात जड जातो, तरी तो करा, कारण चहातलं टॅनिन लोह अडवतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र यासाठी बंद करू नका.

प्रश्न: मधुमेह आणि पित्त, दोन्ही आहे. घेऊ का? (रत्नागिरी)

मधुमेहासाठी पेला अर्धा, म्हणजे १२० मिलीच्या आसपास. केळं निम्मं करा, शहाळ्याऐवजी साधं पाणी, दही वाढवा, आणि १५ मिनिटं भिजवलेला एक चमचा सब्जा घाला. मध म्हणजेही साखरच. सोबत उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे असू द्या. दोन तासांनी साखर तपासून पाहा, म्हणजे तुम्हाला किती मानवतं ते कळेल.

पित्ताने छातीत जळजळ होत असेल तर लिंबू आणि आलं वगळा, काहीतरी खाल्ल्यावर प्या, आणि तरीही त्रास झाला तर संत्रं सोडून पपई-केळ्यावर या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं, केळं आणि संत्रं या तिन्हींतलं पोटॅशियम लक्षात घेऊन आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: सकाळी सातची एसटी पकडायची असते. रात्री तयारी करून ठेवता येईल का? (राजापूर)

करून ठेवलेली स्मूदी नको, तयारी ठेवा. संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी आणि केळ्याच्या चकत्या ताटात एकमेकींना न लागता मांडून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास ठेवा, मग एका वेळेच्या मापाने पिशव्यांत भरा. आधीच पिशवीत कोंबल्या तर सगळ्याचा एकच दगड होतो आणि तो फोडता फोडता पातं जातं. गोठलेल्या फोडींमुळे बर्फही लागत नाही. सकाळी पाच मिनिटं बाहेर ठेवून मग फिरवा.

क जीवनसत्त्व रात्रीत उडून जातं ही भीती जरा जास्तच आहे. आंबट रसात ते बऱ्यापैकी टिकतं. आधी बिघडते ती चव. बाटलीत नेणार असाल तर काठोकाठ भरा, आत हवा कमी राहते, आणि दही घातलेलं असेल तर गाडीतच संपवा. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. आंबटाने दातांचं कवच थोडा वेळ मऊ पडतं, म्हणून ब्रश प्यायच्या आधी करा किंवा अर्ध्या तासाने.

प्रश्न: लिंबं महागली की त्यांच्याऐवजी आगळ चालेल? (सावंतवाडी)

आंबटपणासाठी चालेल. आगळ खारट असतं, तेव्हा दोन पेल्यांना दोन चमचे घाला आणि मीठ अजिबात नको. रंग गुलाबी येईल. मात्र कोकम हे लिंबूवर्गातलं फळ नाही, त्यामुळे क जीवनसत्त्वाचा हिशोब त्यावर धरू नका, तो पेरूने किंवा पपईने भरून काढा.

प्रश्न: पावसात सकाळी लाईट नसते. मिक्सरशिवाय जमेल? (लांजा)

जमेल. केळं खोलगट पातेल्यात काट्याने अगदी लोण्यासारखं मळा. एक गुठळी राहिली तरी ती शेवटपर्यंत राहते. संत्र्याच्या फोडींचा पापुद्रा पूर्ण काढून आतला गर हाताने मोकळा करा, तो वेगळा ठेवा. केळ्यात दही, आलं आणि मीठ घालून ताकाच्या रवीने मिनिटभर घुसळा, मग गर आणि लिंबाचा रस घालून नुसतं ढवळा. गर घातल्यावर रवी फिरवली तर दाणे तिच्या पाकळ्यांत अडकतात आणि रस सुटून सगळं पातळ होतं. मिक्सरइतकं एकजीव होणार नाही. संत्र्याचे दाणे घोटाघोटाला दाताखाली येतील, म्हणून पेल्यासोबत चमचा द्या.