एक शेगडी, तवा आणि कढई एवढ्यावर घरी सोपं काय करता येईल?

नोकरीसाठी पुण्याहून लातूरला आलात, खोलीवर एक शेगडी, तवा, कढई आणि एक पातेलं आहे, मिक्सर-ओव्हन-फ्रिज यातलं काहीच नाही; अशात संध्याकाळचं खाणं, अधूनमधून काही गोड आणि उन्हाळ्यात प्यायला असं घरच्या घरी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. व्हिडिओ बघून केक नि मिल्कशेक करायला जाता आणि दर वेळी काहीतरी सामान कमीच पडतं, असंही लिहिलंय.

मला विचाराल तर केकचा नाद सध्या सोडा. ज्या गावात आलात तिथल्या स्वयंपाकाला यातलं एकही यंत्र लागत नाही. भिजवायचं, भाजायचं, आंबवायचं आणि वरून फोडणी द्यायची, एवढ्यावर मराठवाड्यातलं मधल्या वेळचं खाणं चालतं. आज संध्याकाळी सुशीला करा.

सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार. लातूर, नांदेड, परभणी कुठेही जा, सकाळच्या नाश्त्याला नाहीतर अचानक पाहुणे आले की हाच होतो. एका माणसाला तीन मोठ्या वाट्या मुरमुरे घ्या. जास्त वाटतील, पण भिजले की निम्म्याहून कमी होतात. यात सगळा खेळ क्रमाचा आहे. नवखा माणूस आधी मुरमुरे भिजवतो आणि मग कांदा चिरायला बसतो, तेवढ्यात त्यांचा लगदा होतो. तुम्ही आधी फोडणी पूर्ण करा. दोन चमचे तेलात शेंगदाणे लालसर होऊ द्या, मग मोहरी, जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की हळद आणि बेतानं मीठ, कारण बाजारातले मुरमुरे बहुतेक वेळा खारवलेलेच असतात. आता आच बारीक करा आणि मगच मुरमुरे पाण्यात टाका. हातानं एकदा दाबून बुडवायचे, लगेच उचलायचे, दोन्ही तळव्यांत अलगद पिळायचे आणि थेट कढईत. बाहेरून मऊ पण आत किंचित दाताखाली येणारा असा दाणा हवा.

त्यावर डाळव्याची, म्हणजे भाजक्या चणाडाळीची, भरड दोन चमचे भुरभुरा. मिक्सर नसला तरी काही अडत नाही, डाळवं वाटीच्या बुडानं ताटात रगडलं तरी पुरे. ही भरड कुणी वगळू नये असं मला फार वाटतं. उरलेलं पाणी तीच शोषून घेते, मुरमुरे मोकळे राहतात आणि खमंगपणा येतो तो तिचाच. चिमूटभर साखर, दोन मिनिटं झाकण, मग लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. कोथिंबीर तर तुमच्या दारातलीच आहे. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालंय.

सुशीला हातात बसला की धपाटे. यांना थोडा सराव लागतो, पण एकदा जमले की रात्रीचं जेवणही त्यातच भागतं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, त्यात लसूण-हिरवी मिरची-जिऱ्याचा ठेचा, ओवा, तीळ, हळद, मीठ, कोथिंबीर आणि भिजवायला आंबट ताक. वाळूक (काकडीसारखं फळ) मिळालं तर किसून घाला; त्याला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून ताक हात राखून घाला. पीठ मात्र पाकिटातलं नको. ज्वारी घेऊन गिरणीतून थोडी थोडी दळून आणा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे ती लाटली की तुटते. त्यातून पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, चव कडवट होते आणि थापतानाच कडा फाटायला लागतात.

थापायला जुन्या धोतराचा किंवा सुती पंचाचा तुकडा ओला करून पोळपाटावर पसरा. गोळा मधोमध ठेवून ओल्या बोटांनी मधून कडेकडे सारत जा आणि शेवटी बोटानं चार-पाच भोकं पाडा. कापडासकट उचलून धपाटं तापलेल्या तव्यावर उलटं टाका, कापडावर पाण्याचा हात फिरवा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवा. ओढू नका, कापड ओलं असेल तर आपोआप सुटतं. भोकांत आणि कडेनं तेल सोडा, झाकण ठेवा, मग उलटून दुसरी बाजू खरपूस करा. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीसाठी एक छोटा खलबत्ता मात्र घ्याच. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ तेल सुटेपर्यंत कुटलं की अशी चटणी होते की मिक्सरमधल्या कोरड्या कुटाला तिची सर नाही. आमच्या घरी धपाटे बांधल्याशिवाय लांबच्या प्रवासाला कुणी निघत नाही, दुसऱ्या दिवशीही ते मऊ असतात. वाळूक किंवा कांदा घातलेले मात्र त्याच दिवशी संपवा.

आता प्यायचं. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांपेक्षा आंबील करून बघा. चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तीन पेले पाणी उकळायला ठेवायचं आणि हे आंबलेलं पीठ एका हातानं ओतत, दुसऱ्या हातानं ढवळत त्यात सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. पिठाचा कच्चा वास जाऊन पातेल्यात चमक दिसली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि मीठ. गरम असताना ताक घातलं तर फुटतं. उन्हाळ्यात फ्रिजशिवाय ती दुपारपर्यंतच चांगली राहते, पुढे आंबट होत जाते.

हीच आंबील येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे घरोघर होते. त्या दिवशी सगळे शेतात जेवायला जातात. आंबिलीबरोबर ओल्या तुरी-हरभऱ्याचे दाणे नि पालेभाज्या घातलेली भज्जी नावाची भाजी आणि बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, असतात. ऑफिसातल्या कुणी शेतावर बोलावलं तर सुट्टी टाकून जा. ती चव खोलीवर येणार नाही.

आंबील नकोच वाटली तर चिंचेचं पन्हं. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला मानांकन आहे, पण बाजारातली कुठलीही नवी चिंच चालेल. मूठभर चिंच कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, कोळून गाळा, कोळाच्या दुप्पट गूळ, मीठ, जिरेपूड आणि माठातलं पाणी. भांडं स्टीलचं घ्या, आंबट कोळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नका.

गोडाला रोजचा उपाय शेंगदाण्याचे लाडू. दोन वाट्या खरपूस भाजलेले, सोललेले दाणे आणि एका वाटीपेक्षा थोडा कमी गूळ. दाणे कोमट असतानाच खलबत्त्यात गुळाबरोबर कुटले की तेल सुटतं आणि तुपाशिवाय लाडू वळतात. डब्यात आठवडाभर सहज टिकतात. नागपंचमीच्या सुमाराला ज्वारीच्या लाह्या मिळतील, त्या कुटून दुधात गूळ घालून खा, शेगडीसुद्धा पेटवावी लागत नाही.

जरा थाटाचं करायचं असेल तर खवा. धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका खव्यासाठी आणि तिथलं कुंथलगिरी पेढ्यांसाठी नावाजलेलं आहे. पाव किलो खवा कढईत अगदी मंद आचेवर गुलाबीसर परता, कोमट होऊ द्या आणि त्यानंतरच पिठीसाखर नि वेलची मळा. गरम खव्यात साखर घातली की तो सैल पडतो आणि पेढे वळत नाहीत. खवा आणला त्या दिवशीच वापरून टाका.

आणि सीताफळाचे दिवस आले की बीड-धारूरच्या बालाघाटातली सीताफळं चुकवू नका. अर्धा लिटर दूध निम्मं आटवा, साखर घाला आणि पूर्ण गार करा. गर चाळणीवर हातानं घासून बिया वेगळ्या करा, आणि तो गार दुधातच मिसळा. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे मिसळल्यावर पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवायचं नाही. पुढे कधी मिक्सर घेतलात तरी बियांसकट गर त्यात फिरवू नका, बिया पोटात जाणं चांगलं नाही. फळ घेताना डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढऱ्या-पिवळ्या दिसणारं पण अजून घट्ट असलेलं बघा. धान्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवलं की दोन-तीन दिवसांत पिकतं.