घरी रेकॉर्ड केलेला आवाज डब्यात गायल्यासारखा का येतो?

बहुतेक वेळा खोलीमुळे. उघड्या भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि नंतर तो नीट काढता येत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई टांगा. कार्डिऑइड माइक (एका बाजूचा आवाज जास्त पकडणारा) समोरचं ऐकतो, त्यामुळे गाणाऱ्यामागची भिंतच जास्त नडते. (अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, खालच्या पट्टीतला घुमारा त्यांनी अडत नाही.) तोंड माइकपासून १५ ते २० सेंमीवर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा फुत्कार अडवणारी जाळी). फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर (सॉफ्टवेअरमधली आवाजाच्या बारकाईची सेटिंग) करा आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) असा ठेवा, की सगळ्यात जोरकस ओळही मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपासच थांबेल. हेडफोन बंद कपांचेच हवेत, नाहीतर मेट्रोनोमची (लय दाखवणाऱ्या यंत्राची) टकटक माइकमध्ये शिरते.