घरून काम करताना मोबाइलची सगळी नोटिफिकेशन्स बंद ठेवावीत का? महत्त्वाचा निरोप चुकला तर?

बंद ठेवा. निम्म्याहून जास्त तर आजच्या आज. सेल लागला, कुणी कुणाचा फोटो लाइक केला, "तुम्ही आम्हाला विसरलात का?" असं विचारणारं किराण्याचं अ‍ॅप, यांना तुमच्या कामाच्या टेबलावर वाजायचा काही हक्क नाही. ती कशी बंद करायची हे माहीत असेलच. मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी. माझा निरोप चुकलाय.

मी पेरोलचं काम करते. २०२० पासून घरूनच, चिंचवडला, बेडरूमच्या खिडकीला लावलेल्या टेबलावर. सुरुवातीला फोन कीबोर्डशेजारी उताणा पडलेला असायचा. एका महिनाअखेरीला एक्सेलमध्ये ओव्हरटाइमचे तास भरत होते. फोन लुकलुकला, मी मान वळवली, कुणाच्या तरी बाळाच्या बोरन्हाणाचे फोटो होते. परत स्क्रीनकडे आले ती एक ओळ खाली. पुढच्या १४ माणसांना ज्याचा त्याचा सोडून वरच्याचा ओव्हरटाइम लागला. पैसे बँकेत जायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं, पण रात्री दीडपर्यंत एकेक ओळ ताडून बघत बसले होते. त्याच रात्री घरचा ग्रुप कायमचा म्यूट केला आणि दुसऱ्या दिवसापासून दहा ते सहा डू नॉट डिस्टर्ब.

घरचा ग्रुप म्हणजे ४३ माणसं. उजाडायच्या आत वीसेक 'शुभ सकाळ', मग पंचांग, मग कुणाच्या नातीचा डान्स, आणि वाढदिवस असला की दिवसभर केकच केक. त्यातलं एकच मी आवडीने बघायचे. कराडची आत्या रोज अंगणातल्या जास्वंदीचा फोटो टाकायची, स्वतः काढलेला. कोपऱ्यात हमखास तिचं अर्धं बोट यायचं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, नेमकी पगाराच्याच आठवड्यात, आत्या गेली. सकाळी साडेदहाला ग्रुपवर निरोप पडला. "आई गेली. ३ ला नेणार." वर कुठल्याशा सहलीचे फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग. मी तो वाचला पावणेपाचला, चहा गाळता गाळता. इथून कराड साडेतीन तास. वेळेवर पाहिला असता तर होती तशी उठून निघाले असते, तोंड तरी दिसलं असतं.

तेराव्याला आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला काही कळवायचं तर आधी हिच्या ऑफिसची परवानगी काढायला लागते." कुणी हसलं नाही, पण माझी बाजूही कुणी घेतली नाही. मी वाढत होते, हातात आमटीचं भांडं होतं, गप्प बसले. आता बोलते. गेल्याची बातमी ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नसतं. पूर्वी गावोगाव माणूस धाडायचे. तार यायची, आणि तारवाला दारात दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू. ती तार २०१३ मध्ये बंद झाली, ठीक आहे, पण हातातल्या फोनवरून माणसाशी बोलता येतं ना? टाकलं म्हणजे पोचलं आणि नाही पोचलं तर दोष वाचणाऱ्याचा, हा कुठला न्याय? हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तो हे वाचेल आणि पुन्हा सुरू होईल. दादाने मला फोन केला होता. एकदा, साडेदहानंतर लगेच. डू नॉट डिस्टर्बमुळे तो वाजला नाही. अँड्रॉइडवर अशी सोय आहे की तोच माणूस १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर डू नॉट डिस्टर्ब असूनही रिंग वाजते. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची. माझ्याकडे ती चालू होती. पण दुसरा फोन आलाच नाही. "कामात असशील म्हटलं." आणि दीड वाजता जेवताना मी त्याचा मिस्ड कॉल पाहिला होता. म्हटलं, सातबाऱ्याचंच काहीतरी असणार, संध्याकाळी बघू. दीडला निघाले असते तरी तीनला पोचले नसतेच, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय.

तर तुम्ही एवढं करा. ग्रुप बिनधास्त म्यूट करा, पण आठ-दहा माणसांना स्टार करून ठेवा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्यांचे फोन वाजू द्या. मग त्या माणसांना आणि बाकीच्या जवळच्यांनाही तोंडाने सांगा की तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. सेटिंग सगळे करतात, सांगत कुणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्यूट असला तरी कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं तर नोटिफिकेशन येतं, हेही घरातल्या एखाद्या भाच्याला शिकवून ठेवा. अँड्रॉइड ८ पासून पुढे आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की तेवढाच प्रकार बंद करता येतो, म्हणजे जेवण कुठवर आलं ते कळेल आणि ऑफर गप्प बसतील. अर्थात अ‍ॅपवाल्याने दोन्ही प्रामाणिकपणे वेगळं ठेवलं असेल तर.

आणि सुरुवातीला 'बंद ठेवा' म्हटलं त्यात थोडी दुरुस्ती. २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, भारतातल्याच लोकांवर केलेला. दिवसातून तीनदा एकगठ्ठा नोटिफिकेशन मिळणाऱ्यांना बरं वाटलं. ज्यांची पूर्ण बंद केली ते उलट बेचैन झाले. मी दोन वर्षं त्या दुसऱ्या गटात काढली. आता एक, चार आणि सहाला फोन उघडते, मिस्ड कॉल असला तर तिथल्या तिथे उलटा लावते, सातबारा असो नाहीतर काही.

दादाचं नाव स्टार केलेल्यांत आहे, त्याचा फोन पहिल्यांदाच वाजतो. तरी तो अजून एक रिंग देऊन कट करतो आणि मग पुन्हा लावतो. टोमणा आहे की सवय, मी विचारलेलं नाही.

ता.क. घरात कुणी आजारी असेल किंवा मूल शाळेत असेल तर माझं काही ऐकू नका, फोन वाजता ठेवा. आणि हातात स्मार्टवॉच असेल तर तेही तपासा. फोन गप्प आणि मनगट दिवसभर थरथरतंय, असं माझ्या नणंदेचं सहा महिने चाललं होतं.