जर्मनीत डिजिटल आर्ट शिकायचं ठरवतेयस, तर…

उपयोजित कलेची पदवी यंदा संपतेय, ब्लेंडर आणि आफ्टर इफेक्ट्स ही थ्रीडी-अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर येतात, जर्मनीत कलाशाळेत यायचंय, खर्च किती आणि कर्ज फिटेल का, असं तू विचारलंस. मी कोल्हापूरहून कोलोनला आले, इथेच शिकले आणि आता इथेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सॉफ्टवेअरचं. तेवढंच शिकायचं असेल तर कलाशाळा ही जागाच नव्हे. कोलोनची केएचएम ही माध्यमकलेची शाळा १९९० साली सुरू झाली. फिल्म, अ‍ॅनिमेशन, ध्वनी, कोड, सगळं तिथे एकाच अभ्यासक्रमात येतं. आधीची पदवी असलेल्यांसाठी तो चार सेमिस्टरचा. प्रकल्प तूच सुचवायचा, वेळापत्रक तूच लावायचं आणि हे काम का करायचंय ते सगळ्यांसमोर बोलायचं. आपल्याकडे सबमिशनच्या तारखा आपल्याला पळवतात. इथे मागे लागणारं कुणी नसतं आणि पहिलं वर्ष त्यामुळेच जड जातं.

म्हणून सगळी ताकद पोर्टफोलिओवर लाव. तू पाठवलेले बुटांचे आणि परफ्यूमच्या बाटलीचे रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली चित्रं, सफाईदार आहेत, पण ते काढून टाक. असं काम जगभरातून येतं आणि त्यात तू कुठेच दिसत नाहीस. याउलट इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या आवाजावर हलणाऱ्या रेषांचा तुझा छोटा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. रात्रपाळीचा आवाज दिवसापेक्षा वेगळा का वाटतो, हा प्रश्न तुला खरोखर पडलाय हे त्यात कळतं. तोच वाढव. कच्ची रेकॉर्डिंग, वहीतली स्केचेस, फसलेले प्रयोगही जोड. निवड करणाऱ्यांना तू विचार कसा करतेस ते बघायचं असतं.

कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन किंवा व्हीएफएक्सची (चित्रपटातल्या दृश्य-करामतींची) नोकरी हेच ध्येय असेल तर मात्र लुडविग्सबुर्गची फिल्मअकादमी बघ. तिचा रोख थेट त्या उद्योगाकडे आहे.

आता पैसे. कोलोन ज्या राज्यात आहे तिथल्या सरकारी शाळांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. बाडेन-व्युर्टेंबर्गमधल्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे कार्ल्सरूहच्या एचएफजी या कला-डिझाइन शाळेसारख्या ठिकाणीही, युरोपबाहेरच्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. कोलोनमध्ये यातला निम्मा भाग खोलीच्या भाड्यातच जाऊ शकतो, म्हणून वसतिगृहासाठी प्रवेश मिळाल्याच दिवशी अर्ज कर. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, लागतं. त्याला वेळ लागतो. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं.

कर्जाबद्दल स्पष्टच सांगते. इथले बरेच कलाकार फ्रीलान्स काम, अनुदान आणि एखादी जोडनोकरी यांवर जगतात. स्वतंत्र कलाकारांच्या विम्याचा साधारण निम्मा भार क्युन्स्टलरसोझिआलकासे ही कलाकारांची सामाजिक विमा संस्था उचलते, पण आधी कलेतून कमाई सुरू व्हावी लागते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. घर तारण ठेवायची वेळ येत असेल तर या वर्षी येऊ नकोस. पुण्यात मोशन ग्राफिक्सचं काम घे, पैसे साठव आणि संध्याकाळी मॅक्सम्युलर भवनात जर्मन शीक, जमल्यास बी२ पर्यंत, म्हणजे चर्चेत भाग घेता येईल अशा पातळीपर्यंत. इंग्रजीवर दुकानात भागतं, पण एकमेकांच्या कामावर चर्चा रंगते ती जर्मनमध्ये. तिथे गप्प बसावं लागलं तर शाळेतलं सर्वांत मोलाचं तेच हुकतं.