सागवानी फळ्या की इंजिनिअर्ड?

नवीन फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग करताय, छान. पण आधी नाशिकची हवा बघा. एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतीसुद्धा ओलसर. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, तेही मुख्यतः रुंदीत. अख्ख्या लाकडाच्या फळीला हा खेळ जास्त जाणवतो. उन्हाळ्यात फटी, पावसाळ्यात कडा वर. इंजिनिअर्डमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले थर असतात. ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून हालचाल कमी.

माझं मत विचाराल तर स्लॅबवरच्या फ्लॅटला इंजिनिअर्डच. मात्र वरचा थर किती मिलिमीटर ते विचाराच. ३-४ असेल तर पुढे एक-दोनदा घासून पॉलिश करता येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्याला ते जमत नाही. आणि लॅमिनेट म्हणजे छापील कागद, तो इंजिनिअर्ड म्हणून कुणी गळ्यात मारू नये!

जुना वाडा असेल, हौस आणि पैसा असेल, तर १८-२० मिलिमीटरचं मुरलेलं सागवान घाला. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मी स्वतः घाई करून भर पावसाळ्यात फळ्या बसवल्या होत्या, दिवाळीनंतर फटींत नाणी जायला लागली.

काहीही घ्या, बसवण्याआधी फळ्यांचे गठ्ठे आठवडाभर त्याच खोलीत ठेवा, भिंतीलगत दहाएक मिलिमीटर जागा सोडा. आणि कामवाल्या मावशींना सांगून ठेवा: फडका घट्ट पिळून, बादली ओतायची नाही.