वाचकांचे प्रश्न : कन्स्ट्रक्टरने नेमके किती काम करावे?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी जावामध्ये हिशेबाची प्रणाली लिहीत आहे. ‘हिशेबपट्टी’ या क्लासच्या (पट्टीच्या साच्याच्या) कन्स्ट्रक्टरला, म्हणजे त्या साच्यातून नवी पट्टी तयार करणाऱ्या कोडला, शेतकरी, खरेदीदार, पोती, वजन, दर, हमाली आणि तोलाई अशी सात मूल्ये द्यावी लागतात. शिवाय एक रिकामा कन्स्ट्रक्टरही असून, तो वापरल्यास मूल्ये मागाहून सेटरने (एकेक मूल्य भरणाऱ्या मेथडने, म्हणजे क्लासमधील फंक्शनने) भरली जातात. पट्टीचा क्रमांक डेटाबेसमधून आणणे आणि पट्टी छापणे ही कामेही कन्स्ट्रक्टरमध्येच होतात. माझ्या सहकाऱ्याला हा कोड उलगडत नाही. तो सुटसुटीत कसा करावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रिकामा कन्स्ट्रक्टर आधी काढून टाकावा. जावामध्ये न भरलेला आकडा शून्य राहतो, त्यामुळे दर भरायचा राहून गेलेली पट्टीही बिनबोभाट छापली जाऊ शकते. सर्व फील्ड (पट्टीत साठवलेली मूल्ये) ‘फायनल’, म्हणजे एकदाच भरता येणारी, केल्यास एखादे भरायचे राहिले तर कंपायलरच (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारा प्रोग्रॅम) अडवतो. शून्य किंवा उणे वजन मात्र त्याला ओळखता येत नाही. ती तपासणी कन्स्ट्रक्टरने स्वतः करावी आणि चूक आढळताच एक्सेप्शन टाकावे, म्हणजे त्रुटी कळवून काम तिथेच थांबवावे.

क्रमांक आणणे आणि छपाई ही कन्स्ट्रक्टरची कामे नव्हेत. आज तोलाईचा हिशेब बरोबर येतो की नाही एवढे पाहण्यासाठीही आपल्याला डेटाबेस सुरू ठेवावा लागत असेल आणि प्रत्येक चाचणीत एक कागद वाया जात असेल. क्रमांक बाहेर मिळवून कन्स्ट्रक्टरला तयार द्यावा. छपाईसाठी वेगळा क्लास असावा.

खरा धोका सात मूल्यांच्या क्रमात आहे, आणि तो सहज दिसत नाही. हमाली व तोलाई या दोन्ही रकमा एकाच टाइपच्या असल्याने त्यांची अदलाबदल झाली तरी कंपायलर हरकत घेत नाही. एकूण कपात तेवढीच राहते, शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कमही बरोबर येते, आणि हमालांचे पैसे तोलाईदारांच्या खात्यात गेल्याचे मात्र त्यांचा हिशेब चुकता करतानाच उघड होते. कोटलिन किंवा पायथनमध्ये मूल्य देताना त्याचे नाव लिहिता येते. जावामध्ये ती सोय नाही. म्हणून ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ असे दोन छोटे टाइप करावेत व ते ‘कपात’ या क्लासमध्ये एकत्र ठेवावेत. 2021 मधील जावा 16 पासून ‘रेकॉर्ड’ (फक्त मूल्ये साठवणारा आटोपशीर क्लास) अधिकृतपणे उपलब्ध असल्याने असा टाइप एका ओळीत लिहून होतो. क्लास वाढल्याने कोड फुगतो, असा आक्षेप घेतला जातो. पैशांच्या व्यवहारात मला तो मान्य नाही.

रकमांसाठी ‘डबल’ (दशांश संख्या अंदाजे साठवणारा टाइप) ऐवजी ‘बिगडेसिमल’ (त्या नेमक्या साठवणारा क्लास) वापरावा. त्याच्या कन्स्ट्रक्टरला 0.1 हे डबल मूल्य दिल्यास 0.1000000000000000055… अशी लांबलचक संख्या मिळते, तर ‘व्हॅल्यूऑफ’ या स्टॅटिक मेथडकडून (ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने बोलावता येणाऱ्या मेथडकडून) नेमके 0.1 मिळते. कन्स्ट्रक्टरला क्लासचेच नाव घ्यावे लागते, मेथडला मात्र हेतू सांगणारे नाव देता येते. त्यामुळे कन्स्ट्रक्टर ‘प्रायव्हेट’ (क्लासबाहेरून वापरता न येणारा) करून ‘नवी पट्टी’ आणि ‘जुन्या नोंदीवरून’ अशा अर्थाच्या दोन स्टॅटिक मेथड लिहिल्यास, पट्टी ताज्या सौद्याची आहे की दप्तरातून काढलेली आहे, हे आपल्या सहकाऱ्याला क्लास न उघडताच कळेल.